मुद्देमाल क्रमांक एक

माझ्या तारुण्याविषयी या आत्मकथनात प्रकरण असणार नाही. ते मी वगळले आहे, आणि वगळण्याचे कारण विनय हे नसून पुराव्याचा अभाव हे आहे. सुदुंबऱ्यात वाढलो, बेताचे शिकलो, तालुक्याच्या न्यायालयात कारकून म्हणून चिकटलो आणि पस्तिशीतच पन्नाशीचा दिसू लागलो. मधल्या काळात तारुण्य येऊन गेले असल्यास त्याची नोंद माझ्याकडे नाही. आमच्या घरात लिहून ठेवण्याजोगे तारुण्य एकच घडले. ते माझ्या नातीचे, आणि ते माझ्या सत्तरीत घडले. सबब वाढत्या वयाविषयीचे हे प्रकरण तिच्याविषयी आहे. तिने ते वाचले आहे. मी तिला यात ‘आरोपी’ म्हणू नये एवढीच तिची हरकत होती. ही हरकत मी अंशतः मान्य केली आहे.

आमचे घर लोणावळ्यात, तुंगार्लीत, तळ्याकडे चढणाऱ्या रस्त्याला. ते बांधले तेव्हा दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या होत्या. आता डावीकडे एक बंगला आहे आणि उजवीकडे दुसरा. दोन्ही बंगले आठवडाभर मेल्यासारखे पडून असतात आणि शनिवार उजाडला की त्यांच्यात जो जीव येतो तो आमचा घेऊनच येतो. गाड्या भरभरून माणसे येतात, निळ्या फरशीच्या हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडतात आणि ध्वनिक्षेपकावर असे काही लावतात की आमच्या मांडणीतले पितळी डबे एकमेकांशी बोलू लागतात. या विषयावर मी नगरपरिषदेला, पोलीस ठाण्याला, प्रांतांना आणि दोन्ही बंगल्यांच्या कधीही न दिसलेल्या मालकांना पत्रे लिहिली. सर्व पत्रांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. पोचपावती हा आपल्या व्यवस्थेने नागरिकाला दिलेला एकमेव खात्रीचा लाभ होय. एरवी आमच्याकडे आवाज असतात ते घाटातून गाडी वर ढकलणाऱ्या इंजिनांच्या शिट्ट्यांचे आणि आमच्या सौभाग्यवती इंदूबाई भाकरी थापतात त्या थापांचे. तांदूळ सुदुंबऱ्याच्या शेतातला, इंद्रायणी, वर्षाचा एकदम येतो आणि कडुनिंबाचा पाला घालून स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पिंपात बसतो. तो शिजू लागला की बंगल्यातली माणसे कुंपणावरून विचारतात, “आजी, काय बनवताय?” इंदूबाई म्हणते, “भात.” त्यांचा विश्वास बसत नाही.

इंदूबाईच्या मितभाषणाला मी जबाबदार आहे असे ती म्हणते. न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या घाबरलेल्या साक्षीदारांना मी एकच सल्ला देत असे: विचारले तेवढेच सांगा. त्याहून जास्त बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो. खोटे बोलू नका, पण न विचारलेले खरेही बोलू नका. हा नियम मी लग्नानंतर लगेचच घरात लागू केला, आणि इंदूबाईने तो इतक्या निष्ठेने पाळला की शेजारच्या शेळीने माझी नवी छत्री खाल्ल्याचे मला तिच्याकडून पुढच्या पावसाळ्यात कळले. “तुमी इचारलं न्हाई,” ती म्हणाली. उत्तर कायदेशीरदृष्ट्या निर्दोष होते.

सानिका आठवीपासून आमच्याकडे होती. माझा मुलगा विलास आणि सूनबाई दोघेही सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यांत पाळ्यांवर जातात. घरी कोण कधी असेल याचा भरवसा नाही, म्हणून मुलगी लोणावळ्याच्या शाळेत घातली. काटक, तिखट, पायांत वारा भरलेली पोर. शाळेच्या खो-खोच्या संघात ती धावू लागली की मैदानाकडेचे लोक वडापाव हातात धरून उभे राहत, खायचे विसरत. दहावीला गेली तेव्हा बापाने तिला मोबाईल दिला. अभ्यासासाठी. या दोन शब्दांखाली मी लाल शाईने रेघ मारू इच्छितो; छापखान्याने मारू दिली नाही तर वाचकाने मारावी.

पुढील वर्णन मी शपथेवर करतो. त्या यंत्रातून दिवसभर आवाजांचे तुकडे सांडत. अर्धे हसू, पाव गाणे, कुणीतरी “तर मित्रांनो” म्हणायला आणि त्याचा गळा आवळायला एकच वेळ. पूर्ण ऐकू येईल असे एकही वाक्य त्यात नव्हते. मुलगी पानावर बसे आणि काय खाल्ले ते विचारले तर ताटाकडे बघून सांगे. न्हाणीत बादली भरून वाहू लागे आणि आत ही बाई काठावर बसून कुणा अनोळखी मुलीचे केस विंचरणे बघत असे. रस्त्याने चालताना ती एका मुंबईकराच्या उभ्या गाडीवर जाऊन आदळली आणि गाडीलाच ‘सॉरी’ म्हणाली. एका दुपारी ती झोपली होती, मोबाईल फळीवर होता, आणि तिचा उजवा अंगठा गोधडीवर सावकाश वर सरकत होता. खाली येई, पुन्हा वर सरके. इंदूबाई माझ्या शेजारी उभी होती. “झोपंत बी काम चालू हाय पोरीचं,” ती म्हणाली. त्या वेळी मी हसलो नाही, हे नमूद करतो.

मी जे करतो ते केले, पत्र लिहिले. असे कार्यक्रम दाखवणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ही गोष्ट फार थोड्या नागरिकांना ठाऊक आहे. मी त्या अधिकाऱ्यास सात पानी निवेदन सादर केले, त्यात अंगठ्याचा उल्लेख स्वतंत्र परिच्छेदात होता. उत्तर इंग्रजीत आणि विजेच्या वेगाने आले. माझा अनुभव कसा होता आणि मी त्यास पाचपैकी किती तारे देईन, असे त्यात विचारले होते. मी त्यांना जे देऊ इच्छित होतो त्याला त्या नमुन्यात रकाना नव्हता.

गणपती उठले आणि घटक चाचणीचे निकाल लागले. सानिका तीन विषयांत नापास झाली. विलास रविवारी आला, चहाला हात न लावता खुर्चीच्या टोकावर बसला. वडिलांसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून तो हळू बोलतो, आणि हळू बोलला की जास्त लागते. “आबा, मी निवासी शाळेत बोलून ठेवलंय. तिकडं फोन गेटवरच जमा करतात. दसऱ्याला येतो मी. तोवर सुधारली तर ठीक, न्हाईतर दिवाळीनंतर तिकडं.” सानिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “तिकडं खो-खो आहे का?” तिने विचारले. “तिकडं पास होनं आहे,” बाप म्हणाला. तिचा चेहरा पाहिला आणि मला माझ्या व्यवसायाची आठवण झाली.

मी न्यायालयात अखेरची अनेक वर्षे मुद्देमाल सांभाळत असे. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. कोयता असो, कोंबडा असो वा गावठी दारूचा कॅन. ती पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळायची, सुतळीने बांधायची, गाठीवर लाख वितळवून मोहोर उठवायची, वर्णनाची चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. पुढे कितीही वर्षे जावोत, साहेबांसमोर एकच प्रश्न येतो: सील शाबूत आहे काय? शाबूत असेल तर जग जागेवर आहे. मी विलासला सांगितले, दसऱ्यापर्यंत फोन माझ्या ताब्यात राहील, विधिवत. विलासने माझ्याकडे असे पाहिले की जणू आता दोघांनाही निवासी शाळेत घालावे लागेल; पण तो हो म्हणाला.

पंच म्हणून मी मागच्या घरातल्या गायकवाड भाऊंना बोलावले. मूळचे वलवणचे, रेल्वेतून निवृत्त, घरात राज्यघटनेची प्रत रेशमी कापडात ठेवणारे आणि ती माझ्याविरुद्ध वापरणारे गृहस्थ. मला ते ‘रावसाहेब’ म्हणतात, आदराने नव्हे. दुसरी पंच इंदूबाई. तेवढ्यावर सानिका बोलली. “आबा, पंच स्वतंत्र पाहिजे ना? आजी तर घरची आहे.” मी चकित झालो. मुद्दा बिनतोड होता. इंदूबाईला पंचपदावरून दूर करून गायकवाड वहिनींना बोलवावे लागले. “बरं झालं,” इंदूबाई म्हणाली, “सह्या तुमी करा, चहा मी करते, न्हाईतर दोनी मलाच करायला लागलं असतं.”

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी जप्ती झाली तशी तालुक्यात झाली नसेल. मेणबत्तीवर लाख धरली, गाठीवर टपटप पाडली आणि न्यायालयाची मोहोर माझ्याकडे नसल्याने वडिलांच्या वेळचा तांब्याचा ढब्बू पैसा दाबून छाप उठवला. चिठ्ठीवर वर्णन: ‘काळ्या रंगाचा मोबाईल फोन, एका कोपऱ्यास तडा, चालू स्थितीत.’ मुद्देमाल क्रमांक एक लोखंडी कपाटात गेला, कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला गेली. “रावसाहेब,” गायकवाड भाऊ सही करताना म्हणाले, “पोरीला बी हक्क हायेत. घटनेत बगून सांगू का?” मी म्हणालो, घटनेत मोबाईल नाही. “तुमी बी न्हाई,” ते म्हणाले.

रोज दिवेलागणीला दोन्ही पंच येत, कपाट उघडले जाई, सील पाहिले जाई, वहीत ‘शाबूत’ असा शेरा पडे आणि चहा होई. रविवारी जेवणानंतर सील माझ्या हाताने तोडून फोन मुलीच्या स्वाधीन करायचा आणि संध्याकाळी पुन्हा बंद करायचा, अशी तरतूद मी उदारपणे ठेवली होती. पहिले काही दिवस सानिकाचे हाल झाले, ते मी लपवणार नाही. तिचा हात खिशात जाई आणि रिकामा परत येई. ती कपाटासमोर उगीच उभी राही. माझ्या कमरेकडे अशी टक लावून बघे की मी धोतराचा सोगा सावरून बसू लागलो. एकदा मी न्हाणीत असताना बाहेरून आवाज आला, “आबा, करदोटा धुवायला देता का? आजी मागतेय.” आजी त्या वेळी वाण्याकडे होती.

मग ती कायद्यात शिरली. चिठ्ठीवर वेळ लिहिली नाही. सबब जप्ती सदोष. गायकवाड वहिनींनी चष्म्याशिवाय सही केली. सबब पंचनामा अवैध. मी एकही हरकत तोंडी ऐकत नसल्याने तिने त्या लेखी दिल्या, आणि मी त्यांना लेखी उत्तरे दिली. पाकिटे इंदूबाई भाकरीच्या परातीवरून इकडून तिकडे पोहोचवत असे. तिचे मराठी चाचणीत नापास होणाऱ्या मुलीचे नव्हते. पहिल्या रविवारनंतर तिने लिहिले की सुतळीने फोनची काच ओरखडली असून मालमत्तेची काळजी घेणे हे ताबेदाराचे कर्तव्य आहे. सबब यापुढे फोन मालकाने स्वतः, स्वतःच्या लोकरीच्या पिशवीत घालून सुपूर्द करावा. मला ती मागणी वाजवी वाटली. मी मंजूर केली, आणि मंजुरीवर तारीख घातली.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तिने इंदूबाईने विणलेल्या पिशवीत घातलेला फोन माझ्या हातात दिला. मी पिशवी मांजरपाटात गुंडाळली, बांधली, लाख ओतली, पैसा दाबला. वर्णन आधीच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतले: काळ्या रंगाचा, तडा, चालू स्थितीत. तिसऱ्या रविवारी मी सील तोडायला बसलो तर ती म्हणाली, “राहू दे आबा. भूमिती राहिलीय.” माझ्या डोळ्यांत काय आले ते मी नमूद करणार नाही. त्याच दुपारी मी विलासला पत्र टाकले की तुझी मुलगी सुधारली आहे आणि सील आजतागायत शाबूत आहे. दुसरे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना: तालुक्यातील प्रत्येक घरात दोन पंच व एक कांडी लाख एवढ्या सामग्रीवर ही योजना राबवता येईल. त्या पत्राची पोच आली आहे. ती मी आता फाईलच्या तळाशी ठेवतो.

दसरा तोंडावर आला होता. लोणावळ्याची हवा त्या दिवसांत ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटलेली असते. मीठ पाझरते, पापड वाकतात, कपाटाच्या दारांना घाम येतो. एका दुपारी, सानिका शाळेत असताना, मला कपाटाच्या खालच्या फटीतून मुंग्यांची रांग आत शिरताना दिसली. शिस्तबद्ध, दुहेरी, जाणाऱ्या डावीकडून, येणाऱ्या उजवीकडून. अशी वाहतूक आमच्या रस्त्यावर शनिवारी कधी दिसली नाही. मी कपाट उघडले. मुद्देमालाच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी, ओलसर डाग पडला होता आणि तो पसरत होता.

फोनची बॅटरी फुगते, फुटते, आग लागते, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. मी ओरडलो, “फोन पाझरतोय! सगळे बाहेर व्हा!” सगळे म्हणजे इंदूबाई. ती बाहेर झाली नाही. तिने ओट्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा वाल सोलू लागली. मी अंगणातून वाळूची बादली आणली, सांडशीने मुद्देमाल उचलला, हात लांब धरून ओसरीवर आणला आणि पंचांना हाक मारली, कारण बॉम्ब असला तरी सील पंचांसमोरच तुटले पाहिजे. गायकवाड भाऊ बनियनवर धावत आले. वहिनी मागे थांबल्या. त्यांनी घटनेपेक्षा आयुष्य महत्त्वाचे मानले. भाऊंनी सील पाहिले. “शाबूत,” ते म्हणाले. मी सुतळी कापली, मांजरपाट सोडला, लोकरीची पिशवी उलटी केली.

बादलीतल्या वाळूवर चिक्कीची वडी पडली. शेंगदाण्याची, गुळाची, फोनच्याच मापाची आयताकृती, कडेला पाझरलेली, मुंग्यांनी गजबजलेली. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळते ती, जी खरेदी केल्याशिवाय पुण्यामुंबईच्या माणसाला घरी परतता येत नाही आणि जी लोणावळ्याचा माणूस कधी खात नाही.

गायकवाड भाऊ वाकले, त्यांनी ती नीट पाहिली. “एका कोपऱ्याला तडा हाय,” ते म्हणाले. मग सरळ होत: “रावसाहेब, हिला चार्जर कुटं लावायचा?”

मी त्यांना माझ्या अंगणातून निघून जाण्यास सांगितले. ते गेले नाहीत. ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले आणि त्यांच्या वयाच्या माणसाला शोभणार नाही असे हसले. वहिनी धावत आल्या, त्यांना वाटले स्फोट झाला. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून एक कोयता इकडचा तिकडे झाला नाही, आणि या पोरीने मला दोन आठवडे दोन सह्यांनिशी चिक्की सांभाळायला लावली! इंदूबाई बाहेर आली, तिने वडी उचलली, अंगणाच्या कडेला झटकली, फुंकर मारली आणि आत नेऊन डब्यात टाकली. “अन्न हाय ते,” ती म्हणाली.

सानिका शाळेतून आली तेव्हा ओसरीवर कापलेली सुतळी तशीच पडली होती. तिने ती पाहिली आणि दप्तर न उतरवता उभी राहिली. फोन कुठे आहे, मी विचारले. ती स्वयंपाकघरात गेली, पिंपाचे झाकण काढले, कोपरापर्यंत हात तांदळात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन वर काढला. फोन बंद होता. त्यावर तांदळाचा कोंडा बसला होता.

मी इंदूबाईकडे वळलो. “तुला माहीत होते?”

“व्हय. रोज भात मीच लावते की. माप घालायचं तर बाजूनं घालावं लागायचं.”

“आणि तू मला सांगितले नाहीस!”

“तुमी इचारलं का?”

मी सानिकाला म्हणालो की आता तू जे सांगशील त्यावर निवासी शाळा ठरणार आहे, तेव्हा विचार करून सांग. तू हा फोन वापरलास काय?

“हो,” ती म्हणाली.

“किती वेळा?”

“दोनदा. नाही, तीनदा. वाकसईच्या शाळेशी हरलो ना, त्या दिवशी खूप वेळ बघत बसले. अंधार पडेपर्यंत. मग रडू आलं आणि परत ठेवला.” तिने नाक पुसले, मनगटावर कोंडा होता तो गालाला लागला. “आबा, तुमच्या कपाटात होता ना, तेव्हा मी दिवसभर फक्त तुमच्या करदोट्याचा विचार करायचे. गणिताच्या तासाला पण. किल्ली कशी काढायची, तुम्ही आंघोळीला कधी जाता. फोन नव्हता तरी डोक्यात फोनच होता. मग मी तो तांदळात ठेवला. तिथं कुलूप नाही. घ्यायचा तर घे, कोण अडवतंय? मग अडवायला मीच. दर वेळी मीच. लय बोअर होतं आबा ते. पण भूमिती झाली.”

“मग ही चिक्की कशासाठी?”

ती पहिल्यांदा खाली बघून हसली. “तुम्हाला सील करायला आवडतं ना. आणि गायकवाड आजोबा रोज येतात. ते थांबवलं असतं तर तुम्ही परत बंगलेवाल्यांनाच पत्रं लिहीत बसला असता.”

तिने फोन सुरू केला आणि माझ्यापुढे धरला. “यात असतं सगळं. किती बघितला, कधी बघितला. बघा हवं तर. हवं तर पप्पांना पण दाखवा.” पुरावा माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. आयुष्यभर मी पुराव्याशिवाय कुणाचे एक अक्षर मानले नाही. मी चष्मा शोधू लागलो. चष्मा माझ्या कपाळावर होता, हे मला माहीत होते, आणि मी तो खिशात, फडताळात, उशीखाली शोधत राहिलो, तोवर ती कंटाळली आणि तिने फोन पुन्हा तांदळात घातला.

परवाच मी तिला विचारले की अजून ठेवतेस का तांदळात. ती आता पुण्यात शिकते, चौघी मुली एका खोलीत राहतात. परीक्षेच्या दिवसांत ठेवते म्हणाली. खोलीतल्या मुली प्रत्येक वेळी घाबरून विचारतात, पाण्यात पडला का गं? एरवी तिचे काही फार सुधारले आहे असे मी म्हणणार नाही. चेहरा दाखवून फोन करते आणि बोलता बोलता तिचे डोळे खाली दुसरेच काहीतरी वाचत असतात. मी गप्प होतो. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात येते. “सॉरी आबा,” ती म्हणते, आणि मग खरेच बघते.

पण त्या वेळी दसरा दोन पावलांवर होता आणि माझे खोटे ठरलेले पत्र विलासच्या घरी पोहोचलेले होते. दुरुस्तीपत्र पाठवणे माझे कर्तव्य होते. तसे पाठवले तर पोर गेली. नाही पाठवले तर मी गेलो. मी लिहायला बसे आणि ‘चिरंजीव विलास यांस’ एवढ्यावर अडे. इंदूबाईला विचारले तर ती म्हणाली, “मी पंच न्हाई. तुमीच काढलंय मला.” गायकवाड भाऊंना विचारले, तुमची सही आहे, तुमचे म्हणणे काय. ते म्हणाले, “मी सील शाबूत लिवलंय. सील शाबूत व्हतं. मला आतलं इचारू नका.”

दसऱ्याला विलास आपट्याची पाने घेऊन आला, वाकून नमस्कार केला, जेवला. श्रीखंड झाले, बटाट्याची भाजी झाली. बंगल्यांत माणसे नव्हती, आणि त्या शांततेत घाटातल्या इंजिनांची शिट्टी अगदी दारात आल्यासारखी वाजली. गायकवाड भाऊही सोने द्यायला आले होते आणि मुद्दाम जायचे थांबले होते. सानिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, त्याच जागी. विलासने माझे पत्र खिशातून काढले. “आबा, तुम्ही लिहिलंय ते वाचलं. तुम्ही खोटं लिहिणार न्हाई, मला म्हाईत आहे. तरी तोंडानं सांगा. हिनं सील तोडलं का?”

मी उभा राहिलो. बसून साक्ष देता येत नाही. सील एकूण तीनदा तुटले होते. पहिल्या दोन वेळा रविवारी, तरतुदीनुसार. तिसऱ्यांदा सांडशी, वाळू व पंच यांच्या समक्ष. तिन्ही वेळा माझ्याच हाताने. “नाही,” मी म्हणालो. “तिने सील एकदाही तोडले नाही.”

“आमी सह्या केल्यात,” गायकवाड भाऊ छताकडे बघत म्हणाले.

विलासचा चेहरा सैल झाला. पण तो माझाच मुलगा. त्याच्या मनात पुढचा प्रश्न उगवताना मला दिसला. “म्हणजे फोन तेव्हापासून—” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी इंदूबाईने त्याच्या तोंडासमोर बशी धरली. “घे रे, तोंड गोड कर. पोरीनं आनलीय.”

त्याने तुकडा तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. “मऊ कशी पडली ही?”

“हवा,” इंदूबाई म्हणाली.

“चांगली हाय की,” गायकवाड भाऊ म्हणाले, “लय जपून ठिवलेली.” चौकटीशी सानिकाने ओढणी तोंडात कोंबली. विलास चघळत राहिला, तिच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, “ऱ्हा मग हितंच. सहामाही बघू. आणि खो-खोची मॅच कधी आहे ते आधी सांगत जा, सुट्टी टाकायला लागते.” ती आत पळाली. स्वयंपाकघरात काहीतरी पत्र्याचे जोरात वाजले.

पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत आरोपीचा बाप शेंगदाण्यासकट करीत होता. मी त्याला अडवले नाही. मग त्याने चघळणे थांबवले, जिभेवरून काहीतरी बोटावर घेतले आणि उजेडाकडे धरले. बारीक, लाल, चकाकणारा कण.

“आबा, हे लाल काय आहे?”

प्रश्न सरळ होता आणि मला उद्देशून होता. उत्तर देणे भाग होते.

“लाख,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी उभाच होतो, पुढच्या प्रश्नासाठी तयार, आणि विचारला असता तर सगळे सांगितले असते. त्याने तो कण बशीच्या कडेला पुसला, चिक्कीचा आणखी एक तुकडा उचलला आणि काही विचारले नाही.